राउंडकाका

नीटचा सल्ला देणारा माणूस अकोल्यात दर चौकात एक सापडतो, इंजिनियरिंगचा देणारे दोन. त्यामुळे त्या क्षेत्रात आता नाव काढणं कठीण, हे राउंडकाकांनी निवृत्तीच्या आधीच ओळखून ठेवलं होतं. सगळी नोकरी पाटबंधारे खात्याच्या आस्थापना शाखेत गेलेली. कुठल्या टेबलापुढे गर्दी नाही, हे अशा माणसाला ऑफिसात शिरल्याशिरल्या कळतं. त्यांनी फॉरेस्ट्री धरली.

धरली म्हणजे शिकले नव्हेत. वड, आंबा आणि कडुनिंब सोडून चौथं झाड ओळखायची वेळ आली तर काका झाडाकडे न बघता आपल्याकडे बघतात. त्यांना येते ती फॉरेस्ट्रीची अ‍ॅडमिशन. बी.एस्सी. ऑनर्स, चार वर्षं, आठ सेमिस्टर. एक कॉलेज आपल्या गावात, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आणि दुसरं पार तिकडे दापोलीला, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात. या दोन टोकांच्या मध्ये जेवढा म्हणून कागद पसरला आहे, तेवढ्यावर काकांचं राज्य. तेही फुकट. कोणाच्या पैशाला शिवत नाहीत, चहासुद्धा आपल्या घरचा पाजतात. फक्त कागदाला स्टेपल मारलेलं त्यांना खपत नाही. "टाचणी लाव. स्टेपल काढताना कोपरा फाटते, अन् नंबर नेमका कोपऱ्यातच रायते."

खरं नाव मतदार यादीत आहे. राउंडकाका हे नाव पडलं ते प्रवेशाच्या कॅप राउंडवरून. पावसाळाभर त्यांच्या घरी तिथी, वार, तारीख काही चालत नाही, राउंड चालतात. शेजारच्या आजी वारल्या तेव्हा भेटायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, कधी झालं हो हे? काका गंभीरपणे म्हणाले, "दुसऱ्या राउंडची यादी लागली, त्याच्या आदल्या रात्री." पाहुण्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं असेल, आजींचं काहीतरी इस्पितळाचं असेल.

माझी भाची बारावीला असताना ताडोब्याला गेली, जिप्सीतून तिला वाघीण दिसली आणि घरी येऊन तिने जाहीर केलं की मी फॉरेस्ट्री करणार. बहिणीने तिला माझ्याकडे पाठवलं, मी काकांकडे नेलं. बाकीचे लोक अशा वेळी मार्क विचारतात. काकांनी चष्मा नाकावर घेतला आणि विचारलं, "सातबारा कोनाच्या नावानं आहे?"

"काका, मला पर्सेंटाईल..."

"पर्सेंटाईल देवाच्या हातात आहे. सातबारा बापाच्या हातात आहे. पह्यले तो सांग."

कृषी विद्यापीठांच्या प्रवेशात शेतकऱ्याच्या मुलाला सातबाऱ्याचं जादा वजन मिळत आलेलं आहे, आणि फॉरेस्ट्री कृषीच्याच फाटकातून आत जाते. जंगलाकडे जायचं तर आधी शेताचा कागद काढा, हे पुष्कळ आईबापांना फॉर्म भरून झाल्यावर उमगतं. आमच्या बहिणीच्या सासरी बाळापूरकडे जमीन निघाली, पण आजोबांच्या नावावर. आजोबा आहेत? नाहीत. मग फेरफार? तो राहिलाय. काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं. सरळ केस त्यांना आवडतच नाही. ज्याचे सगळे दाखले तयार असतात त्याच्याशी ते तुटक बोलतात आणि लवकर उठवतात.

वाघिणीचं प्रकरण त्यांनी एका वाक्यात मिटवलं. "वाघाचं खातं वेगळं." ते खोटं नव्हे. फॉरेस्ट्रीच्या चार वर्षांत वन्यजीव हा पुष्कळ विषयांतला एक. बाकी रोपवाटिका, माती, बियाणं, लाकूड, कीड, झाडांची मोजणी, शेताच्या बांधावरची वनशेती. नुसत्या वाघाचा अभ्यास करायचा तर पदवीनंतर डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेचं किंवा बंगळूरचं एम.एस्सी. आहे, पण तिथे मूठभर जागा आणि देशभरातली हुशार पोरं. भाचीने धीर करून विचारलं, "काका, सिल्व्हीकल्चर म्हणजे नक्की काय असतं?"

"दोन अधिक एक."

"म्हणजे?"

"दोन क्रेडिट थेरी, एक क्रेडिट प्रॅक्टिकल."

"आणि डेंड्रोलॉजी?"

"तेबी दोन अधिक एक." आणि मग तिच्या अज्ञानाची कीव येऊन, "सगळं दोन अधिक एकच असते, पोरी. घाबरू नको."

राज्याच्या सीईटीबद्दल मात्र काका खरोखर पंडित. बायोला शंभर प्रश्न शंभर मार्कांचे, गणिताला पन्नासच प्रश्न पण एकेक दोन मार्कांचा. चुकीच्या उत्तराला कापाकापी नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवणारा तो मूर्ख. याउलट देशपातळीवरच्या आयसीएआरच्या जागा २०२३ पासून सीयूईटीमधून भरतात. तिथे बरोबरला पाच आणि चुकीला उणे एक. "सीईटीत गप्प बसलेला फसते. सीयूईटीत बोलका फसते," असं ते दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी एखादं पोट्टं उलटं करून येतं. सीयूईटीच्या वाटेने हिमाचलात सोलनजवळ नौणीचं डॉ. यशवंतसिंह परमार विद्यापीठ आहे, तमिळनाडूत मेट्टुपालयम आहे, कर्नाटकात शिरसी आहे. काका ही नावं अशा ओढीने घेतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ देवदारांखाली हिंडून आलेला आहे. राज्याबाहेर ते एकदाच गेले आहेत, तिरुपतीला.

यादी लागेपर्यंतचे दिवस बघण्यासारखे असतात. कृषीच्या जागा हलतात त्या दुसऱ्यांच्या भरवशावर. कोणाला नीटमधून व्हेटरनरी लागते, कोणी ऐनवेळी इंजिनियरिंगला निघून जातो, की इकडे खालचा एक वर सरकतो. त्यामुळे काकांना गावातल्या परक्या मुलांच्या उत्कर्षाची जेवढी काळजी, तेवढी त्या मुलांच्या बापांनाही नसेल. देवळात भेटले की विचारतात, "ते जठारपेठेतलं पोट्टं डेंटलले गेलं का नाही? गेलं पायजे बाप्पा." काकू सांगतात की एका श्रावण सोमवारी त्यांनी तीन अनोळखी मुलींच्या बीएएमएससाठी अभिषेक केला होता. आमच्या भाचीच्या वर त्या तिघी होत्या.

माणसं त्यांना नावाने आठवत नाहीत. "ती एकोणऐंशी पॉइंट चार, ओबीसी, दापोली, तिचं लग्न झालं म्हणतात." एकदा रस्त्यात एका तरुणाने वाकून नमस्कार केला. काकांनी त्याला निरखून पाहिलं, ओळख पटेना. तो म्हणाला, "काका, मी ईडब्ल्यूएस. स्पॉट राउंड." काकांनी त्याला मिठीच मारली.

पर्यावरणाच्या डिग्रीवर मात्र त्यांचा राग आहे. अमरावती रोडवरचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले, त्याला पर्यावरणशास्त्र करायचं होतं. काकांनी नाइलाजाने वाट सांगितली. एखाद्या सायन्स कॉलेजात बारावीच्या मार्कांवर बी.एस्सी. करा, पुढे विद्यापीठात किंवा पुण्याला भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेत एम.एस्सी. करा, किंवा इंजिनियरिंगच्या दारातून पर्यावरण अभियांत्रिकीला शिरा, किंवा आधी दुसरंच काही शिका आणि मग इकडे या. सांगून झाल्यावर मला म्हणाले, "याच्यात काही राम नाही. वाटाच वाटा. एक फाटक नाही, एक यादी नाही. कुठूनही घुसा." त्यांना ती बेशिस्त वाटते. मला विचाराल तर पर्यावरण या विषयाचं तेच बलस्थान आहे. पाणी, कायदा, हवा, पैसा, सगळीकडून माणसं यावीत अशीच ती जागा आहे. पण हे मी काकांना बोललो नाही. त्यांच्या लेखी ज्याला कटऑफ नाही ते ज्ञान नव्हे.

शिवाय त्यांचा एक जुना सल आहे. १९९१ साली एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, पुढे युजीसीने पदवीच्या सगळ्या पोरांना तो पेपर लावला. काकांचा मुलगा बी.कॉम.ला होता. त्याने पर्यावरणाचा प्रकल्प केला तो मोर्णा नदीवर, म्हणजे वर्गातल्या बाकी सगळ्यांनी केला तोच, जलपर्णीचे फोटोसुद्धा तेच. त्याला त्यात चांगले मार्क पडले आणि त्याने घरी येऊन सांगितलं, बाबा, मी पण तुमच्याच लाइनमध्ये आलो. काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. बारावी कॉमर्सवर फॉरेस्ट्रीचं फाटक उघडत नाही. स्वतःचं पोरगं नियमात बसत नाही याहून मोठं दुःख आस्थापना शाखेच्या माणसाला कुठलं?

रविवारची सकाळ मोठ्या पोरांसाठी राखीव असते. पदवी झालेले, काही पाऊल-दोन पाऊल पुढचं बघणारे. त्यात इंजिनियरही येतात, कारण भारतीय वन सेवेच्या परीक्षेला इंजिनियर चालतो. गणितवाला चालतो, संख्याशास्त्रवाला चालतो, भूगर्भवाला चालतो, पशुवैद्य चालतो. नुसता भूगोल घेऊन बी.ए. झालेला चालत नाही. ही यादी काका डोळे मिटून म्हणतात. २०१३ पासून पूर्वपरीक्षा नागरी सेवेबरोबर एकच. ती, मुख्य आणि मुलाखत ओलांडली की चालण्याची चाचणी: पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर, बायकांना १४. एका जाडजूड मेकॅनिकल इंजिनियरला काकांनी ताशी सव्वासहाचा हिशोब मांडून दिला आणि वर स्वतःचं हातातलं घड्याळ दिलं. तो नेहरू पार्कापर्यंत गेला आणि रिक्षाने परत आला. घड्याळ चालू होतं.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेचंही असंच सांगतात. १९०६ची संस्था, १९९१ पासून अभिमत विद्यापीठ, तिथे एम.एस्सी. फॉरेस्ट्री, लाकडाचं तंत्र, पर्यावरण व्यवस्थापन, त्यांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा. भोपाळची वन व्यवस्थापन संस्था १९८२ची, तिथे कॅट देऊन जायचं, म्हणजे एमबीएला जाणारी पोरं जी परीक्षा देतात तीच. एका बाईंनी विचारलं की मारुती चितमपल्ली कुठून शिकले हो? काका गडबडले नाहीत. "कोईमतूरच्या फॉरेस्ट कॉलेजात. खात्याकडून." मग जरा थांबून, सहानुभूतीने, "त्यांच्या वेळी कॅप नव्हतं ना." चितमपल्लींना २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. वर्षानुवर्षं रानात काढून लिहिणाऱ्या माणसाची एकही यादी कुठे लागली नव्हती, याचं काकांना मनापासून वाईट वाटतं.

इथवर वाचून कोणी म्हणेल की हा एक रिकामटेकडा म्हातारा आहे. तसं नाही, हे मला धारणीकडच्या पोरावरून कळलं. मेळघाटातला कोरकू मुलगा, विद्यापीठाच्या गेटपाशी चौकशी करत उभा होता, कोणीतरी काकांचं घर दाखवलं. बाप बरोबर होता. तो बाहेर पायरीवरच बसला, आत या म्हटलं तरी येईना. काकांचं फॉर्मचं चाललं होतं तोवर त्याने आमच्या गल्लीतल्या सगळ्या झाडांची नावं आपल्या बोलीत मला सांगितली, कशाची साल कशाला लागते तेही. मग हळूच विचारलं, "ह्याची डिग्री असते?"

जंगलात जन्मलेल्याला जंगलाच्या डिग्रीचा पत्ता नसतो आणि जिप्सीत बसून एकदा वाघीण पाहिलेल्याला असतो, हा काही काकांचा गुन्हा नव्हे. त्या पोराच्या जात पडताळणीसाठी ते भर उन्हात, अकोल्याच्या उन्हात, एसटीने अमरावतीला जात राहिले. आजोबांचा शाळेचा दाखला हवा होता. आजोबा शाळेतच गेले नव्हते. काकांनी कुठून तरी जुनी जंगल खात्याची मजुरीची नोंद शोधून काढली. पोरगं अकोल्याला लागलं. त्या वर्षीची यादी काकांनी जपून ठेवली आहे, टाचणी लावून. पण ते पोरगं आता काय करतं, असं विचारलं तर काका म्हणतात, "एसटी, अकोला, दुसरा राउंड." पुढचं त्यांना ठाऊक नाही. फी भरल्याची पावती हातात पडली की मूल त्यांच्या मनातून उतरतं. नोकरीबिकरीच्या भानगडीत ते पडत नाहीत. फॉरेस्ट्रीची पोरं वर्षानुवर्षं ओरडताहेत की वनखात्याच्या जागांवर आमचा हक्क धरा, बारावी पास वनरक्षकाच्या रांगेत आम्हीच का उभं राहायचं? काका ते ऐकून घेतात, पण ती रांग बाहेर पडायची आहे. त्यांचा जीव आत शिरायच्या रांगेत.

भाचीला दापोली लागली. अकोल्याहून मुंबई, मग कोकण रेल्वेने खेड, मग एसटी. पहिल्या आठवड्यात तिचा रडत फोन आला की इथे पाऊस थांबतच नाही, कपडे वाळत नाहीत, वहीला बुरशी आली आहे. तिच्या आईने घाबरून काकांना विचारलं. काका म्हणाले, "हॉस्टेल डिपॉझिटची पावती प्लास्टिकमध्ये ठेव म्हणा."

दिवाळीला ती आली. अंगाने वाळलेली, रंगाने काळवंडलेली आणि बोलायला न थांबणारी. काकांना फराळाचं द्यायला गेली ती खिशात मोजपट्टी घेऊनच. त्यांच्या फाटकाशी कडुनिंब आहे. ती फराळाचा डबा काकूंच्या हातात देऊन थेट झाडाशी गेली, बुंध्याला पट्टी लावली, खडूने खूण केली. काका खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पावती वगैरे विचारून घेतलं होतं. त्यांच्या बाजूने विषय संपला होता.

"झाड छातीएवढ्या उंचीवर मोजतात, काका."

"कोनाच्या छातीएवढ्या?" पेपरातूनच.

"ठरलेलं आहे. एक मीटर सदतीस सेंटिमीटर. आधी साडेचार फूट होतं, त्याचंच झालं."

पेपर खाली आला. "ठरलेलं आहे?"

"हो. सगळीकडे तेवढंच."

"अन् झाड उतारावर असलं तं?"

"वरच्या अंगाने मोजायचं."

"झुकलेलं असलं तं?"

"खोड जसं झुकलंय, तसं त्याच्या बाजूने."

काका उठून उभे राहिले. मी त्यांना झाडाकडे स्वतःहून जाताना पहिल्यांदा पाहत होतो. कडुनिंबाला खालीच दोन फाटे फुटले आहेत, तिथे काकू दुधाची पिशवी अडकवतात. काकांनी त्या जागेवर बोट ठेवलं. "मंग असं दुभंगलेलं असलं तं?"

"फाटा एक सदतीसच्या वर असेल तर एक झाड धरायचं. खाली असेल तर दोन. दोन वेगळी मापं, वेगळ्या नोंदी."

काका आत गेले आणि स्टीलचा टेप घेऊन आले. एका हाताने जमिनीशी धरला, दुसऱ्या हाताने वर खेचला, मग भाचीला पुन्हा मोजायला लावला, मग मला. एक मीटर चार. पुन्हा मोजलं. एक मीटर चार.

"म्हंजे हे दोन झाडं आहेत," काका म्हणाले. आवाज जरा घोगरा झाला होता.

"कागदावर दोन, काका. तसं एकच."

"कागदावर नाही तं मंग अजून कुठं रायते, पोरी!"

काकू दारातून म्हणाल्या की दोन असोत नाहीतर दहा, पाला तेवढाच पडतो आणि तो मीच झाडते. काकांचं लक्ष नव्हतं. मागे वृक्षगणनेला माणसं आली होती, त्यांनी या झाडापुढे एकच नोंद करून नेली होती, आणि तेव्हा काकांनी स्वतः त्यावर सही केली होती. ते आतून पाटी, कोरा कागद आणि काळं पेन घेऊन आले. प्रति लिहिलं, विषय लिहिलं, खाली रेघ मारली. हरकत घ्यायची मुदत कधी संपते हे त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं, त्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. मग भाचीकडे वळले.

"कडुनिंबाचं ते शास्त्रातलं नाव काय म्हणली होती तू?"

"अझाडिरॅक्टा इंडिका."

"हळू सांग. एकेक अक्षर सांग." त्यांनी लिहून घेतलं, दोनदा तपासलं, शेवटी पेनाने कागदावर टोचत विचारलं, "दोघायलेबी हेच नाव चालते ना? का एकाले दुसरं घ्या लागते?"